मातीला माफी दिली कोणी?

प्रश्न : आमच्या गावच्या माळावरून महामार्गाच्या भरावासाठी रात्रंदिवस माती उचलली जातेय. ग्रामसभेत विचारलं, तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "रस्त्याच्या मातीला पर्यावरण परवानगी लागत नाही, दिल्लीहून सूट आहे." ही सूट कोण देतं? आम्हाला कधी विचारलं?
– एक शेतकरी, सांगली जिल्हा

उत्तर : दादा, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

कोणत्या कामाला पर्यावरण परवानगी लागते, हे 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेत आहे. त्यात सूट घालायची तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आधी राजपत्रात मसुदा काढतं आणि 60 दिवस हरकती घेतं. म्हणजे विचारतात, पण राजपत्रातून, आणि ते गावात कोण वाचतं? शिवाय लोकहिताचं कारण देऊन ही पायरी वगळायची मुभाही नियमात आहे. तुमच्या मातीच्या बाबतीत हीच मुभा वापरली गेली. 28 मार्च 2020 रोजी, टाळेबंदीच्या चौथ्या दिवशी, रस्ते आणि पाइपलाइनसारख्या कामांच्या साध्या मातीला मसुदा न काढताच सूट मिळाली. किती माती, किती क्षेत्रातून, याची काहीच मर्यादा नव्हती.

21 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. संजय करोल यांनी ती रद्द केली. देशभर कामं ठप्प असताना एवढी घाई कसली होती, हे न्यायालयाला पटलं नाही. निकाल वाचला त्या दिवशी मला फार बरं वाटलं. पुढे 2025 मध्ये मंत्रालयाने मर्यादा आणि अटी घालून सूट पुन्हा आणली. तेव्हा "सूट आहे" एवढ्यावर गप्प बसू नका. मर्यादा किती आणि इथून गेली किती, ते विचारा.

मी बावीस वर्षं महसुलात काढली, त्यातली बरीच गौण खनिजाच्या, म्हणजे माती, वाळू, दगड यांच्या, टेबलावर. एकदा ओढ्याकाठच्या अशाच एका खड्ड्याच्या पंचनाम्याला गेले होते. कडेच्या बाभळीची मुळं हवेत लोंबत होती आणि एक म्हातारी काठी टेकत सांगत होती, "बाई, इथनं आमची पायवाट होती." परवाना पाचशे ब्रासचा होता. आम्ही टेप धरला : 40 मीटर लांब, 30 रुंद, 5 खोल. म्हणजे 6,000 घनमीटर. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, साधारण 2.83 घनमीटर. हिशेब एकवीसशे ब्रासच्या वर गेला. ठेकेदाराने आवाज चढवला होता, आकडा वाचून दाखवल्यावर तो बसला.

तुम्हीही तेच करा. पर्यावरणाची सूट ही त्या एका कागदापुरती असते. राज्याच्या 2013 च्या गौण खनिज नियमांखालची परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) त्याने माफ होत नाही. तहसील कार्यालयात माहितीच्या अधिकारात परवानगीचा आदेश मागा, त्यात गट नंबर आणि ब्रास लिहिलेले असतात. मग तलाठी आणि मंडळ अधिकारी यांना लेखी अर्ज देऊन समक्ष मोजणी मागा. परवान्यापेक्षा जास्त उचल निघाली, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48 (7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. पावसाळ्याआधी मोजून घ्या. खड्ड्यात पाणी साचलं की खोली सापडत नाही. आणि खड्ड्यात दगड लागला, खडी निघू लागली, तर त्याचा फोटो तारखेसह ठेवा. सूट साध्या मातीला आहे, दगडाला नाही.

प्रश्न : पुराने शेतात वाळू येऊन बसली. काढायला पर्यावरण परवानगी लागेल का?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर : नाही. 2006 च्या त्याच अधिसूचनेला 15 जानेवारी 2016 च्या दुरुस्तीने जोडलेल्या परिशिष्ट 9 मध्ये पुरानंतर शेतकऱ्याने शेतातली वाळू हटवणं, कुंभाराने हाताने माती काढणं, विहीर खोदणं, गावतळ्याचा गाळ काढणं या कामांना सूट आहे. या सुटी योग्यच आहेत. चाकावर गाडगी करणाऱ्याला दिल्लीची परवानगी मागायला लावणं अन्याय झाला असता. पण ती वाळू विकायची असेल, तर तहसीलदारांची लेखी परवानगी हातात येईपर्यंत ट्रॉली भरू नका.