मोटारसायकलच्या मागच्या चाकाचं पाणी पाठीवर उडतं, हिवाळ्यात काय करावं?

आधी एक सांगा, मूळचं लांब मडगार्ड काढून गाडीची मागची बाजू छाटून घेतलीय का? बहुतेक वेळा दुखणं तिथंच असतं. चाकाची मागची कड फिरताना वर येते, त्यामुळे टायरला चिकटलेलं पाणी वर आणि पुढं, थेट पाठीवर येतं. मडगार्ड मागं पार खालपर्यंत उतरलेलं असेल तरच ते अडतं.

आमच्या सांगलीकडं थंडीत पाऊस नसला तरी ऊस हंगामात रस्ता कोरडा कुठं असतो? पाटाचं पाणी, त्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती. पहाटे पलूसला जाताना माझं जर्किन मागून असं भिजायचं की गारठा कमरेत भरायचा. मी मूळ मडगार्ड परत बसवलं आणि टोकाला वीतभर जाड रबराचा फ्लॅप दोन नटबोल्टनी आवळला. मोठे वायसर नक्की घाला, नाहीतर भोकापाशी रबर फाटतं. मग डबलसीट बसवून गाडी दाबून बघा, रबर टायरला घासता कामा नये.

साडीगार्डही काढू नका. बाजूचा चिखल तेच अडवतं, आणि मागचं निम्मं चाक झाकणारं आवरण कायद्यानंही लागतंच.