गोल्फच्या दांड्यावरची नक्षी: वाचकांचे प्रश्न

नाशकात ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की मैदानच आठवतं, क्रिकेटचं आणि सकाळच्या फेऱ्यांचं. या वेळची पत्रं मात्र खऱ्या गोल्फच्या काठीबद्दल आहेत, त्यातही तिच्या दांड्यावरच्या, म्हणजे शाफ्टवरच्या नक्षीबद्दल.

सातपूरला आमचं कोटिंगचं युनिट आहे. ग्राफाइट शाफ्टवर दोरीच्या पिळासारखी चढत जाणारी दुरंगी रेघ आम्ही बसवली. निर्यातदार म्हणतो, पेटंट घ्या. घ्यावं का?

तुम्हाला हवी आहे ती डिझाइन नोंदणी. अमेरिकेत तिलाच ‘डिझाइन पेटंट’ म्हणतात, म्हणून हा घोळ होतो. आपल्या २०००च्या डिझाइन कायद्यानुसार तयार वस्तूवरचा आकार, नक्षी, रेषा-रंगांची मांडणी यांना संरक्षण मिळतं, आणि पारख फक्त डोळ्यांनी होते. बांधणीची पद्धत किंवा यांत्रिक काम त्यात बसत नाही.

शाफ्टवर हा फरक फार स्वच्छ दिसतो. पोलादी शाफ्ट हातात घ्या. ठरावीक अंतरावर बारीक पायऱ्या लागतात. नळी टप्प्याटप्प्यानं निमुळती करताना त्या पडतात आणि दांडा कुठे किती वाकेल हे त्यांच्यावर ठरतं. ते झालं यांत्रिक काम. उलट उदाहरणही आहे. १९२९मध्ये गोल्फचे नियम ठरवणाऱ्या ‘आर अँड ए’ या संस्थेनं पोलादी शाफ्टला मान्यता दिली. त्याआधी दांडे हिकरीच्या लाकडाचे असत. मग काही उत्पादक पोलादावर लाकडाच्या रेषांचं सेल्युलॉइडचं वेष्टण चढवू लागले. लाकडाला सरावलेल्या नजरेसाठी केलेली ती सजावट होती. मला तो काळ फार आवडतो.

तुमची रेघ नुसती रंगाची असेल तर डिझाइनचा अर्ज करा. संरक्षण १० वर्षं मिळतं, मुदतीत अर्ज केल्यास आणखी ५. त्या पिळामुळे दांड्याचा ताठपणा बदलत असेल, तर तेवढा भाग पेटंटचा विषय आहे.

येवल्याची पैठणी आमच्या घरात विणली जाते. तिच्यावरचा बांगडी मोर आणि आसावलीची वेल ही नक्षी शाफ्टवर आणली, तर नोंदणी होईल?

मोर तुमच्या एकट्याच्या नावावर होणार नाही, आणि होऊही नये. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांतून आलेला आहे. माहीत असलेल्या नक्षीपेक्षा किंवा नक्षींच्या जोडणीपेक्षा ठळक वेगळं असल्याशिवाय नोंदणी मिळत नाही. निमुळत्या दांड्यावर वेल कशी वळते, मोर कुठे लहान होतो, मधे किती जागा मोकळी सुटते, या मांडणीत तुमचं स्वतःचं काही असेल तर तेवढं मागा. चित्रांसोबत द्यायच्या नावीन्याच्या निवेदनातही नेमकं तेच लिहा. ‘पैठणी’ला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे उत्पादनाच्या नावात तो शब्द घालण्याआधी सल्ला घ्या.

अशी नक्षी खेळाच्या नियमांत चालते का?

रंगाला अडचण नाही. दांडा सरळ हवा आणि कुठल्याही बाजूनं वाकवला तरी सारखाच वाकला पाहिजे.

तीन महिन्यांपूर्वी नमुन्याचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले. आता अर्ज केला तर? शिवाय कॉपीराइट आपोआप मिळतोच ना?

हे वाचून वाईट वाटलं. अर्जाआधी नक्षी जगात कुठेही उघड झाली, तर भारतात तिचं नवेपण संपतं. प्रदर्शनासाठी सवलत आहे, पण त्यासाठी सरकारनं अधिसूचित केलेलं प्रदर्शन, डिझाइन नोंदणी करणाऱ्या नियंत्रकांना आधी सूचना आणि ६ महिन्यांत अर्ज हे सगळं लागतं. कॉपीराइटवरही विसंबू नका. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवलं नाही आणि कारखान्यात त्याचे ५०पेक्षा जास्त नग निघाले, की त्यावरचा कॉपीराइट संपतो.

अमेरिकेत मात्र स्वतःच उघड केल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो. ग्राहक तिकडचा असेल तर त्या वर्षातले तीन महिने गेलेत, या आठवड्यातच हालचाल करा. दुसरी नक्षी अजून कुणाला दाखवली नसेल तर ती कपाटात राहू द्या. अर्जाचा क्रमांक हातात पडल्यावरच तिचा फोटो ग्राहकाला पाठवा.