सत्र न्यायाधीश म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आलाय की कोर्टाच्या पाटीवर "जिल्हा व सत्र न्यायाधीश" लिहितात, तर माणूस एक की दोन, आणि हे सत्र काय शाळेतल्यासारखं पहिलं-दुसरं असतं का.

माणूस एकच. दिवाणी काम करताना जिल्हा न्यायाधीश, फौजदारीला बसला की सत्र न्यायाधीश, इंग्रजीत सेशन्स जज. राज्यघटनेच्या कलम 236 मध्ये तर जिल्हा न्यायाधीश या शब्दातच सत्र न्यायाधीश धरलाय. तरी "जागेच्या वादात सेशन कोर्टाचा निकाल" असं बिनधास्त ठोकून देतात, डोकं उठतं ऐकून! जागेचा वाद दिवाणी, त्याचं सेशन कोर्टात काय काम, तिथे खुनासारखे खटले चालतात, फाशीसुद्धा होते, फक्त हायकोर्टाने कायम करावी लागते. मुंबई शहरात परत वेगळंच, तिथे शहर दिवाणी व सत्र न्यायालय. असो.

खरी मजा "सत्र" मध्ये आहे. कुणीतरी सरकारी बाबूने सेशनला ओढूनताणून लावलेला शब्द, असं म्हणणारे पंडित खूप भेटतात. त्यांनी जरा धातू बघावा. मूळ रूप सत्त्र, दोन त, धातू सद् म्हणजे बसणे, ज्यातून संसद, परिषद, उपनिषद आले. आणि सेशन? लॅटिन सेदेरे, म्हणजे पण बसणेच, आणि सद् आणि सेदेरे एकाच मुळाचे! म्हणजे सत्र हे सेशनचं नुसतं भाषांतर नाही, सख्खं भावंड आहे. वेदकाळी बारा किंवा त्याहून जास्त दिवस चालणारा सोमयाग म्हणजे सत्र, त्यात सगळेच ऋत्विज (यज्ञ करणारे पुरोहित) आणि सगळेच यजमान (यज्ञ करवून घेणारे), दक्षिणा कुणालाच नाही (वकील मंडळींनी नोंद घ्यावी). जनमेजयाचं सर्पसत्र तर सगळ्यांना माहितीच आहे. इंग्लंडात क्वार्टर सेशन्स नावाची कोर्टं वर्षातून 4 वेळा बसायची, 1972 पासून ती बंद झाली, आपलं सेशन कोर्ट मात्र बारमाही बसतं आणि नाव तेच.

आता माझं लाडकं मत. अन्नछत्र हे मुळात अन्नसत्रच, लोकांच्या तोंडी स चा छ झाला, बाकी काही नाही. "छत्र म्हणजे गरिबाच्या डोक्यावरची सावली" वगैरे अर्थ ऐकायला गोड आहे पण मागून चिकटवलेला आहे, कारण संस्कृतात सत्र शब्दाला अन्नदानाची जागा हा अर्थ आधीपासून आहे, मग छत्री मध्ये आणायची गरजच काय? छत्रीवाल्यांनी आधी याचं उत्तर द्यावं, मग बोलू.