हिफ्ज (कुरआनचे पाठांतर): नवा सबक (धडा) किती आणि जुनी उजळणी किती?

प्रश्न: अस्सलामु अलैकुम. मी ४४ वर्षांची असून एका मराठी शाळेत शिक्षिका आहे. लहानपणी मोहल्ल्यातील मदरशात कुरआन नाजिरा (पाहून वाचन) पूर्ण केले होते, परंतु अरबीचा अर्थ कळत नाही आणि उर्दूही जेमतेमच येते. गेल्या रमजानपासून घरीच पाठांतराला सुरुवात केली. अम्मा पारा (कुरआनच्या तीस पाऱ्यांपैकी, म्हणजे भागांपैकी, शेवटचा), सूरह यासीन आणि सूरह मुल्क झाल्या. पण आता यासीन म्हणायला घेतली की मध्येच अडते आणि अम्मा पाऱ्यातील सूरह एकमेकींत मिसळतात. पाठ केलेले विसरणे हा मोठा गुनाह आहे असे ऐकल्यापासून तर हे सोडूनच द्यावे की काय, असे वाटू लागले आहे. शिवाय दर महिन्याला काही दिवस खंड पडतो, त्याचे काय करावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: वअलैकुम अस्सलाम. भीतीचा प्रश्न आधी घेऊ, कारण मनात धास्ती असताना पाठांतर होत नाही. पाठ केलेले कुरआन निष्काळजीपणाने विसरू देणे हे काही फकीहांनी (धर्मशास्त्राच्या जाणकारांनी), आणि त्यांत कोकणातील बहुतेक मुस्लिम ज्या शाफिई मसलकाचे (विधिपरंपरेचे) आहेत त्यातील फकीहही आले, गंभीर मानले आहे. मात्र त्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या कठोर शब्दांतील हदीसींच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) सनदी, म्हणजे कथनकर्त्यांच्या साखळ्या, कमजोर असल्याचे हदीसच्या अभ्यासकांनीच नोंदवून ठेवले आहे; शिवाय फकीहांचा रोख टाकून देणाऱ्यावर आहे, धडपडणाऱ्यावर नाही. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत आयेशा यांच्याकडून आलेली एक हदीस आहे: रात्री मस्जिदीत एका माणसाचे पठण ऐकून पैगंबर (स.) म्हणाले की, अल्लाह त्याच्यावर दया करो, त्याने मला अमुक आयतींची आठवण करून दिली. हजरत आयेशा यांच्याच दुसऱ्या हदीसीत अडखळत, कष्टाने पठण करणाऱ्याला दुहेरी सवाब (पुण्य) सांगितला आहे. तेव्हा विसरण्याच्या भयाने पाठ करणेच थांबवावे, असा निष्कर्ष यातून कोणत्याही बाजूने निघत नाही.

विसर पडणार, हे या परंपरेने गृहीतच धरले आहे. दाव्याने बांधलेल्या उंटांपेक्षाही कुरआन अधिक वेगाने निसटते, म्हणून त्याची सतत निगराणी ठेवा, ही हदीस हिफ्जच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सुरुवातीलाच ऐकवली जाते, आणि मदरशातील सारी दिनचर्या त्याच धोरणाने आखलेली असते. विद्यार्थी रोज नवा सबक देतो. त्यासोबत गेल्या काही दिवसांचे सबक, म्हणजे सबकी, ऐकवतो. आणि त्याहून जुने जे झाले आहे त्याचा ठरलेला भाग, ज्याला आमोख्ता म्हणतात, तोही उस्तादांपुढे म्हणतो. आमोख्ता कच्चा निघाला तर उस्ताद त्या दिवशी नवा सबक घेतच नाहीत. घरी एकट्याने पाठ करणारे बहुधा यातला पहिला भाग तेवढा उचलतात, कारण नवे पान पाठ झाल्याचा आनंद ताजा असतो आणि जुने पुन्हा म्हणण्यात कौतुक करण्यासारखे काही दिसत नाही. तुमचेही हेच झाले असावे. यासीन कच्ची असताना मुल्क सुरू झाली आणि मुल्कच्या उत्साहात अम्मा पारा मागे पडला.

म्हणून माझा सल्ला असा की, पुढील दोन महिने नवे काहीही घेऊ नये. अम्मा पाऱ्यात ७८ ते ११४ अशा ३७ सूरह आहेत, यासीनच्या ८३ आयती आहेत आणि मुल्कच्या ३०. हा सगळा ऐवज चार दिवसांत एकदा पूर्ण होईल अशा बेताने वाटून घ्यावा आणि त्या त्या दिवशीचा भाग नमाजमध्येच म्हणावा. सुन्नत आणि नफिल (ऐच्छिक) नमाजमध्ये आपण वर्षानुवर्षे इख्लास आणि कौसर यांच्या पलीकडे जात नाही. ती सवय मोडली तर उजळणीसाठी निराळा वेळ काढावा लागत नाही. उभे राहून, समोर मुसहफ (कुरआनची प्रत) नसताना म्हटलेले जिथे अडते तीच खरी कच्ची जागा असते. ती सलाम फेरल्यावर (नमाज संपल्यावर) लगेच उघडून पाहावी आणि पेन्सिलीने खूण करावी. दोन महिन्यांनी नवा सबक सुरू कराल तेव्हा रोज तीन ओळी पुरेत. १५ ओळींच्या मुसहफमधील पान पाच दिवसांत होते आणि आठवड्यातील उरलेले दोन दिवस केवळ जुन्यासाठी राहतात. या गतीने मदिना छपाईच्या ६०४ पानी मुसहफला साडेअकरा वर्षांहून अधिक काळ लागेल. आकडा मोठा वाटेल. पण संपूर्ण हाफिजा (सारे कुरआन पाठ असलेली) होणे हे तुमच्यावर फर्ज (बंधनकारक) नाही, आणि पक्के असलेले तीन पारे हे डळमळीत असलेल्या दहा पाऱ्यांपेक्षा मला केव्हाही अधिक मोलाचे वाटतात.

सूरह एकमेकींत मिसळण्याचा त्रास मात्र केवळ उजळणीने जात नाही. परस्परांशी मिळत्याजुळत्या आयतींना मुतशाबिहात म्हणतात आणि मुरलेले हाफिजही तिथे चुकतात. दारिद्र्यापायी मुलांची हत्या करू नका, ही आज्ञा सूरह अनआमच्या १५१व्या आयतीत आहे आणि सूरह इस्राच्या ३१व्या आयतीतही आहे. पण पहिल्या ठिकाणी ‘आम्ही तुम्हाला आणि त्यांना रोजी देतो’ असा क्रम येतो, तर दुसऱ्या ठिकाणी ‘त्यांना आणि तुम्हाला’ असा. अर्थ न कळणाऱ्याला ही निव्वळ पाठांतराची कसोटी वाटेल. अर्थ पाहिला की दिसते, पहिल्या आयतीत दारिद्र्य आई-बापांवर आलेलेच आहे, म्हणून आधी त्यांना दिलासा आहे. दुसरीत ते मुलांमुळे येईल अशी भीती आहे, म्हणून आधी मुलांच्या रोजीचे आश्वासन आहे. मुफस्सिरांनी (कुरआनच्या भाष्यकारांनी) दाखवलेला हा भेद एकदा ध्यानात आला की त्या जागी जीभ सहसा घसरत नाही. तुम्ही शिक्षिका आहात, तेव्हा नव्या सबकाचा मराठी अनुवाद आधी वाचण्याची सवय तुम्हाला जड जाणार नाही.

पाठ मात्र देवनागरी लिप्यंतरावरून करू नये. ‘सीन’, ‘साद’ आणि ‘से’ हे तिन्ही वर्ण देवनागरीत ‘स’ होतात, ‘ऐन’ची तर सोयच नाही, आणि चुकीचा उच्चार एकदा पाठ झाला की तो सुधारणे नव्याने पाठ करण्यापेक्षा अवघड असते. एकच मुसहफ ठरवून तोच शेवटपर्यंत वापरावा, कारण आयत पानाच्या कोणत्या बाजूला, कितव्या ओळीत होती हेही स्मरणात बसते. उच्चारासाठी इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी (१९१७–१९८०) यांचे संथ आणि सुस्पष्ट ध्वनिमुद्रण ऐकावे. केवळ गोड आवाजासाठी निवडलेले जलद पठण नवशिक्याच्या कामाचे नाही. तरीही ध्वनिमुद्रण तुमची चूक ऐकू शकत नाही. आठवड्यातून दोनदा का होईना, एखाद्या हाफिजाला किंवा नाजिरा चांगले येणाऱ्या भावजयीला, मुलीला समोर मुसहफ घेऊन बसवावे. तरावीहमध्ये (रमजानमधील रात्रीच्या नमाजमध्ये) सवा पारा म्हणणाऱ्या इमामामागेही लुकमा द्यायला, म्हणजे अडले की आठवण करून द्यायला, दुसरा हाफिज उभा असतो. त्यात इमामाला कमीपणा वाटत नाही, तर तुम्हाला का वाटावा?

मासिक पाळीच्या दिवसांबाबत मसलकांमध्ये मतभेद आहे. शाफिई आणि हनफी मसलकांत त्या दिवसांत पठण करण्यास मनाई आहे. मालिकी मसलकात मुखोद्गत पठणाला मुभा आहे आणि विसरण्याची भीती हे त्यामागील एक कारण दिले जाते. तुम्ही आपल्याच मसलकावर राहिलात तरी ऐकण्यास आणि जीभ न हलवता मनातल्या मनात आयती आठवण्यास शाफिई फकीहांची हरकत नाही. ते दिवस हुसरींच्या पठणासाठी आणि अनुवादासाठी राखून ठेवले तर खंड पडल्यासारखे वाटणार नाही. याहून नेमका निर्णय हवा असेल तर तुमची परिस्थिती जाणणाऱ्या आलिमांना किंवा आलिमांना परिचित अशा आलिमाबाईंना विचारावे.

प्रश्न: माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, हुशार आहे आणि स्वतःहून हिफ्ज करू म्हणतो. मदरशात पूर्णवेळ घातले तर शाळा सुटते. शाळा ठेवली तर हिफ्ज रखडते, असे नातेवाईक म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, मालेगाव

उत्तर: मुलगा स्वतःहून म्हणतो, ही यातील सर्वांत चांगली बाब आहे. पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलांना हिफ्जसाठी साधारण तीन वर्षे लागतात, कुणाला कमी, कुणाला अधिक. शाळेसोबत फजरनंतर (पहाटे) आणि मगरिबनंतर (सूर्यास्तानंतर) बसणाऱ्या मुलाला बराच जास्त काळ लागेल, पण तेवढ्याने हिफ्ज रखडले असे म्हणता येत नाही. माझा कल शाळा चालू ठेवण्याकडे आहे, कारण तीन वर्षे गणित आणि इंग्रजी सुटलेल्या मुलाला परत वर्गात बसवताना जी दमछाक होते ती नातेवाईकांना नव्हे, मुलाला सोसावी लागते. पूर्णवेळच घालायचे ठरले तर हिफ्जसोबत शालेय विषय शिकवणारी संस्था शोधावी, आणि दहावीचा मार्ग आधीच ठरवून ठेवावा: राज्य मंडळाकडे १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येते किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून परीक्षा देता येते.

मदरसा निवडताना वर्षाला किती हाफिज बाहेर पडतात हे विचारण्यापेक्षा वर्ग चालू असताना तासभर बसून पाहावे. एका उस्तादांकडे किती मुले आहेत, प्रत्येकाचा आमोख्ता खरोखर ऐकला जातो की मुले एकमेकांना ऐकवून मोकळी होतात, आणि अडखळलेल्या मुलाला कशी वागणूक मिळते, हे त्या तासात कळते. छडी दिसली तर तिथे घालू नये. पूर्वी असेच शिकवत, या सबबीला भुलू नये. दस्तारबंदीनंतरच्या (हिफ्ज पूर्ण झाल्यावरच्या समारंभानंतरच्या) पहिल्या दोन वर्षांत रोज एक पारा कोण ऐकणार, हेही आताच ठरवा. घरात हाफिज नसेल तर मोहल्ल्यातील इमामसाहेबांशी बोलून ठेवा.