सूर्यावरचे सक्रिय प्रदेश, म्हणजे जास्त दाट आणि तापलेले भाग, पाहायला रेडिओ इंटरफेरोमेट्रीच (अनेक डिशचे रेडिओ संकेत जोडून एका मोठ्या दुर्बिणीचं काम करून घेणं) कशाला? एक मोठी डिश का पुरत नाही?

किती मोठी? मी कल्याणचा, म्हणून कल्याणचाच हिशोब देतो. 1965 मध्ये टीआयएफआर या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांच्या गटानं इथे सूर्यासाठी 32 डिश उभ्या केल्या, प्रत्येक फक्त 6 फुटी. 610 मेगाहर्ट्झला तशी एकटी डिश 15 अंशांहून जास्त आकाश एकदम पाहते आणि सूर्य असतो अर्ध्या अंशाचा. त्यात सक्रिय प्रदेश कुठून दिसणार? पण 24 डिश पूर्व-पश्चिम 630 मीटरवर पसरून जोडल्या की सूर्यबिंबाच्या साधारण दहाव्या भागाएवढा तपशील सुटा होतो. तेवढ्यासाठी एकच डिश अर्ध्या किलोमीटरहून मोठी लागली असती.

माझा मामा या डिशना ‘ऑस्ट्रेलियाचं भंगार’ म्हणायचा. एका गणपतीत भरल्या पंगतीत म्हणाला आणि माझा घास तसाच राहिला. त्या सिडनीजवळच्या पॉट्स हिलहून आल्या हे खरं. तिथे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ ख्रिस्टियनसन यांनी या डिश जलाशयाच्या काठावर ओळीनं लावल्या होत्या. त्यांनी टिपलेले सूर्याच्या रेडिओ तेजाचे रोजचे आलेख एकावर एक ठेवले की तळाची शांत सूर्याची रेषा तीच राहायची. तिच्यावर दिवसागणिक सरकणारे उंचवटे म्हणजे सक्रिय प्रदेश, कारण तिथला प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) जास्त दाट आणि तापलेला असतो. स्वरूप स्वतः तिथे शिकून आले होते. मामाचं म्हणणं, नवी यंत्रणा घेतली असती तर देश लवकर पुढे गेला असता. साफ चूक! कल्याणनंतर पाचच वर्षांत याच गटानं उटीची 530 मीटर लांब रेडिओ दुर्बीण चालू केली, आणि पुढे पुण्याजवळ खोडद परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. विकत घेतलेल्या यंत्रावर नुसती बटणं दाबून ही माणसं तयार झाली नसती.

म्हणून तुम्हीही एका महागड्या डिशमागे लागू नका. डीटीएचच्या दोन जुन्या डिश घ्या, त्यांचे संकेत एकत्र जोडा आणि त्यांच्यातलं अंतर वाढवत न्या. सूर्याच्या फ्रिंज (दोन्ही संकेत मिसळून उमटणारे चढउतार) फिक्या होत साधारण साडेतीन मीटरला जवळजवळ नाहीशा होतात. त्यावरून सूर्याची रुंदी निघते. मात्र दोन्ही एलएनबींना (डिशपुढचे संकेत घेणारे डबे) एकच लोकल ऑसिलेटर (संकेताची वारंवारता उतरवणारा भाग) हवा, नाहीतर फेज, म्हणजे दोन लहरींचा ताळमेळ, टिकत नाही. सक्रिय प्रदेश यात वेगळे दिसणार नाहीत, त्याला याच्या कितीतरी पट अंतर लागतं. आणि हो, एकटी डिश अगदीच निरुपयोगी नसते: कॅनडात 1947 पासून सूर्याचा 10.7 सेंटीमीटर तरंगलांबीवरचा एकूण रेडिओ प्रवाह तशाच एकट्या डिशनं मोजतात. डिश रोखताना सूर्याकडे पाहू नका, तिची सावली पाहा.