पत्र साहेबांच्या नावाने आलं, मला कोणी विचारलंच नाही

प्रश्न : सलाम ताई. माझं वय 62, मिस्टर 66. ते चर्चचे पाळक म्हणून रिटायर झाले आणि मी अनुदानित शाळेतून. पुण्यात आमचा छोटा फ्लॅट आहे, मुलगा सून नातू जवळच राहतात. आता मिशनकडून पत्र आलंय की नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात एका लहान गावात मंडळी (चर्चची माणसं) आहे पण पाळक नाही, तर दोन वर्षं तुम्ही दोघं तिथे जाऊन राहा. मिस्टरांनी त्याच दिवशी हो कळवलं. माझा विरोध नाहीये, तरुणपणी आम्ही खेड्यातच सेवा केली, पण पत्र फक्त त्यांच्या नावाने, मला घरात पण कोणी विचारलं नाही याचं वाईट वाटतंय. मुलगा म्हणतो या वयात कशाला. मिस्टरांना शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. आणि फ्लॅट विकून मोकळं व्हावं असं मिस्टरांच्या डोक्यात आहे. काय करू? – एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : सलाम. तुमचं वाईट वाटणं अगदी बरोबर आहे आणि ते गिळून गाडीत बसू नका. सेवेचं पाचारण (बोलावणं) दोघांना आहे ना, मग पत्रात दोघांची नावं पाहिजेत आणि तुमचं काम काय तेही पाहिजे. आपल्याकडे पाळकीणबाई म्हणजे महिला मंडळ, संडे स्कूल, आलेल्यागेलेल्याचा चहा आणि जेवण हे सगळं न सांगता धरून चालतात, आणि पन्नाशीपर्यंत ते निभतं पण बासष्टीला गुडघे बोलायला लागतात. मिस्टरांना शांतपणे सांगा की मी यायला तयार आहे, पण आधी मिशनच्या लोकांसमोर आपण दोघं बसू आणि मी काय करणार काय नाही ते मी बोलणार. इतकी वर्षं शाळेत शिकवलंय तुम्ही, तुमच्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे.

कवी रेव्ह. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचं पगारी काम सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला तेव्हा तेही पंचावन्नचे होते. आपण त्यांचा त्याग आठवतो, पण बिनपगारी घरात चूल कशी पेटायची ही काळजी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची होती हेही आठवायला हवं. याउलट जामखेड बघा. डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे 1970 ला तिथे गेले, दोघंही वेल्लोरला शिकलेले डॉक्टर, कोणी कोणाच्या मागे गेलं नाही, आणि 1979 चा मॅगसेसे पुरस्कारही दोघांना मिळून मिळाला. त्यांचं मला सगळ्यात जास्त पटतं ते हे की दवाखान्याची सगळी तयारी डोक्यात असताना त्यांनी लोकांना विचारलं, आणि लोक म्हणाले आधी पाणी आणि अन्न, मग त्यांनी तिथून सुरुवात केली. पुढे गावातल्याच बायका, त्यातल्या कितीतरी निरक्षर, आरोग्याचं काम शिकल्या आणि दुसऱ्यांना शिकवायला लागल्या.

म्हणून माझं मत असं की पहिला नाताळ होईपर्यंत नवीन काहीच काढू नका. मंडळी पाळकाशिवाय चाललीये म्हणजे कोणीतरी ती चालवतंय, रविवारी दार उघडणारा, गाणी धरणारी बाई, आजारी माणसाकडे जाणारा मंडळीतला कोणी वडीलधारा, त्यांना बाजूला सारू नका. तिकडे घरात मावची ही आदिवासी बोली बोलतात, मराठी ही शाळेतली आणि बाजारातली, नवापूरच्या बाजारात गुजरातीही ऐकाल. चार शब्द मावचीतले शेजारणीकडूनच शिका, तिला शिकवू द्या तुम्हाला. कोणी भाजी आणून दिली तर नको नको करू नका, घ्या. आणि गावात मंडळीच्या बाहेरचेही लोक असतात, सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, दुकानवाला, या सगळ्यांना पहिल्या आठवड्यातच भेटा, आपण कोण आणि कशाला आलोय हे त्यांना तुमच्याच तोंडून कळलेलं बरं.

मुलाचं म्हणणं प्रेमापोटी आहे, त्याला वाद घालून नाही तर व्यवस्था दाखवून उत्तर द्या. नवापूर तालुक्यातच चिंचपाड्याला ख्रिश्चन हॉस्पिटल आहे, ते गावापासून किती लांब आणि रात्री गाडी कोणाची मिळेल हे आधी बघून या, तुमचा मेडिक्लेम तिथे चालतो का हेही विचारा. इन्सुलिनचं मात्र नीट करा. लाईट तासन्‌तास गेली तर फ्रिजचा उपयोग नाही, म्हणून एक मोठं मडकं, त्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं आणि आत झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत बाटल्या, वाळूवर सकाळ संध्याकाळ पाणी शिंपडायचं आणि मडकं सावलीत वारा लागेल असं ठेवायचं. उन्हाळ्यातही आतला गारवा टिकतो. पुण्यातल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या आणि अंगणवाडीत किंवा दुकानात कोणाकडे इन्व्हर्टर आहे ते माहीत करून ठेवा.

येण्याजाण्याचं म्हणाल तर नवापूर सुरत-भुसावळ लाईनवर आहे, पण रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे. एसटीत मिस्टरांना 65 वरचे म्हणून आणि तुम्हाला महिला सन्मान योजनेत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे नातवाला भेटायला येणं खर्चाचं नाही. ठराविक महिन्यांनी पुण्याला यायचंच हे मिशनबरोबर आधीच बोलून ठेवा, नंतर मागायला संकोच वाटतो. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मात्र नोव्हेंबरात धावत यायची गरज नाही, जीवन प्रमाण ॲपवर मोबाईलसमोर चेहरा दाखवून होतं.

फ्लॅट अजिबात विकू नका. दोन वर्षांनी अडुसष्टच्या माणसाने पुण्यात नवीन घर शोधायचं का? अकरा महिन्यांचा रजिस्टर्ड करार करून भाड्याने द्या, भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा, एक कपाट स्वतःच्या कुलपात ठेवा. भाडं तुमच्या खात्यात जमा होऊ द्या, मिस्टरांच्या नाही, हे मी मुद्दाम लिहितेय. आणि जून-जुलैत सामान हलवू नका, तिकडे पाऊस धो धो असतो, दिवाळीनंतरचं बघा, तोपर्यंत मिशनकडून दोघांच्या नावाचं पत्रही मागवून घेता येईल.