घडीच्या जुन्या चाकूची स्प्रिंग सैल पडली आहे. तापवून पुन्हा कडक करता येईल का?

तापवू नका. आधी हे सांगून टाकतो, कारण याच मुद्द्यावरून माझं थोरल्या भावाशी अजून वाजतं.

वडिलांचा दोन पात्यांचा चाकू होता. पातं उघडताना येणारा खटका हळूहळू येईनासा झाला. भावाने हातात घेताच निकाल दिला: स्प्रिंग थकली, लाल करून पाण्यात बुडवू. आत डोकावून बघायची तसदी नाही! मी पातं अर्धं उघडून धरलं. त्या वेळी स्प्रिंगचं टोक पाठीतून किंचित वर येतं आणि पातं पूर्ण उघडलं की झटक्यात खाली बसायला हवं. आमचं टोक वरच राहत होतं, अंगठ्याने दाबलं की सावकाश खाली जायचं. म्हणजे जोर गेला नव्हता, ती अडकली होती. सांध्यात रॉकेल सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी पातं उघडझाप करत राहिलो. सुकलेलं तेल, गंज आणि खिशातले धागे यांचा काळा चिकट लगदा बाहेर आला. मग मशीनच्या तेलाचा एक थेंब. खटका आला. भाऊ म्हणाला, 'योगायोग.'

लाल करून पाण्यात विझवलेलं पोलाद काचेसारखं होतं, वाकायच्या आधी तुटतं. त्यानंतर सुमारे ३०० अंशांवर, निळा रंग येईपर्यंत, पुन्हा तापवलं तरच त्यात लवचीकपणा येतो. आणि न विझवता नुसतं लाल केलं, तर होतं तेवढंही पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. रिवेट, म्हणजे पातं ज्यावर फिरतं ती खीळ, ठोकणं हा दुसरा आवडता उद्योग. त्याने पात्याचं आडवं हलणं कमी होतं, स्प्रिंगला काडीचाही फरक पडत नाही.

स्प्रिंग खरोखरच बसली, म्हणजे तिचा जोर गेला असेल, तर रिवेट काढून ती व्हाइसमध्ये पात्याच्या बाजूला अगदी थोडी थोडी वाकवतात. तुटूही शकते, तेव्हा आठवणीतला चाकू असेल तर जाणत्याकडे द्या. मूठ लाकडाची किंवा शिंगाची असेल तर सगळा चाकू रॉकेलमध्ये बुडवू नका. ओपिनेल या फ्रेंच बनावटीच्या चाकूला पाठीची स्प्रिंगच नसते, त्याला यातलं काही लागू नाही. आणि पात्याच्या बुडाचा कोपरा झिजून गोल झाला असेल, तर स्प्रिंग कितीही कडक असली तरी खटका येणार नाही. तो तपासलात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.